लेकाची गाडी

त्या वर्षी झाडं फुलांनी लगडलेली असताना अचानक गारठा पडला आणि बागांवर पांढरं साचलं. तिसऱ्या दिवशी फुलं तपकिरी होऊन मातीला मिळाली. फळच धरणार नाही म्हटल्यावर फळं निवडायची शेड उघडी ठेवून करायचं काय? मालकानं दाराला साखळी घातली, जमलेल्या बायकांना म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू," आणि मान खाली घालून निघून गेला. एकतीस वर्षं त्या शेडमधल्या फळांच्या सरकत्या पट्ट्यासमोर उभी राहिलेली पारखी दुपारीच घरी येऊन बसली. दुपारचं घर कसं दिसतं हे ती विसरूनच गेली होती.

पारखी हे काही तिचं खरं नाव नव्हे. फळ तळहातावर एकदा फिरवलं की ते आतून सडकं आहे की धड, हे ती न कापता सांगायची. शेडमधल्या बायकांनी चेष्टेनं नाव पाडलं, ते चिकटलं. घरात ती आणि तिची सून, दोघीच. सूनही त्याच शेडमध्ये खोक्यांना पट्ट्या मारायची. म्हणजे एका साखळीनं घरातले चारही हात रिकामे केले.

लेक चार वर्षांपूर्वी बोटीवर कामाला गेला होता. आधी दर आठवड्याला फोन यायचा, मग महिन्याला, मग आठवण झाली तर. एक दिवस नंबर बंद लागला तो लागलाच. कंपनीत विचारलं तर कळलं, तो काम सोडून एका बंदरात उतरला, पुढचं आम्हाला ठाऊक नाही. नंतर कोणीतरी सांगत आलं की तो दिसला होता, खांद्यावर लहान पोर होतं. पारखीनं हे ऐकलं आणि सुनेच्या कानावर जाऊ दिलं नाही. सुनेनंही ते ऐकलं होतं. तिनंही सासूला सांगितलं नाही.

त्याच्यामागे राहिली ती गाडी. लांबुडकी, डिझेलवर चालणारी, वीस वर्षांची जुनी, मूळची निळी. त्यानं ती जुनीच घेतली होती आणि तळहाताच्या फोडासारखी जपली होती. तो गेल्यावर सून ती चालवायला शिकली. पाय पुरेनात म्हणून तिनं सीट पुढं ओढायला घेतली, तर पारखी पटकन म्हणाली होती, "राहू दे गं तशीच. आला म्हणजे त्याला पुन्हा मागं करावी लागेल." सुनेनं पाठीमागे उशी घेतली होती. चार वर्षं झाली, उशी अजून तिथंच होती.

शेड बंद झाल्यावर पंधरा दिवसांनी सून म्हणाली, "आई, मला काम मिळतंय. समुद्राकडच्या मोठ्या शेडमध्ये."

पारखी कपड्यांच्या घड्या घालत होती. "ते तर डोंगरापलीकडे."

"तिथंच राहायचं. खोली देतात. पण गाडी हवी. पहाटेच्या पाळीला बस नसते, आसपासच्या वाड्यांतून चार बायकांना आणायचं आणि सोडायचं. गाडीवाली आहे म्हणूनच मला घेतायत. एक तारखेला हजर व्हायचं."

"आणि मी?"

"चला की."

"घराला कुलूप लावू? आणि तो आला म्हणजे? कुलपाशी बोलेल?"

पारखीनं तीच घडी मोडून पुन्हा घातली.

एक गोष्ट मात्र पारखीच्या बाजूनं होती. गाडी धूर ओकायची. गेल्या वर्षभरात तिला चढ सोसेना. डोंगराकडच्या रस्त्याला लागली की पिवळा दिवा लागायचा, गाडी गोगलगायीसारखी सरकायची आणि मागे काळा लोट उठायचा. आणि नव्या शेडवाल्यांना धुराचा दाखला पाहिजे होता. तो नाही तर काम नाही.

दोघी मिळून तपासणी केंद्रावर गेल्या. रांगेत पुढंमागं चकचकीत गाड्या. तपासनीस तरुण होता, स्वच्छ कपड्यांतला. त्यानं मागच्या नळीत धूर मोजायची सळई घातली आणि म्हणाला, "दाबा. अजून दाबा. अहो बाई, जोरात."

सुनेनं जोरात दाबलं. जो काही काळा ढग निघाला तो मागं उभ्या असलेल्या माणसाच्या पांढऱ्या शर्टावर जाऊन बसला. तो माणूस खोकत बाजूला झाला. रांगेतले लोक काचा वर करता करता हसले.

"ही गाडी आहे की वीटभट्टी?" तपासनीस म्हणाला आणि पुन्हा लोक हसले. त्यानं कागदावर शिक्का मारला. "पंधरा दिवस. तेवढ्यात दुरुस्त करून आणा, नाहीतर नंबरप्लेट काढून घेऊ. आजी, तुम्ही उतरा बघू खाली, वजन कमी झालं तर बिचारी घरी तरी पोचेल."

पारखीला आजी म्हटल्याचं दुःख नव्हतं. पण सुनेचे कान लाल झालेले तिला मागून दिसले आणि तिला त्या पोराच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली. त्याच वेळी मनाच्या तळाशी कुठंतरी, झालं ते बरं झालं, असंही वाटलं. दोन्ही एकदमच वाटलं. दोन्ही गिळून ती बसून राहिली.

परतताना त्या कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे थांबल्या. वेल्डर लेकाचा जुना दोस्त. त्यानं बोनेट उघडून आत पाहिलं, हात पुसले. "धुराचा व्हॉल्व्ह मेलाय. मी काय करतो वहिनी, मध्ये एक पत्रा ठोकून रस्ताच बंद करतो. वीस मिनिटांचं काम."

"तपासणीत बघतात ते," सून म्हणाली. "आणि काजळी आत आहे ती आहेच."

"मग नवीन टाका. पण या गाडीचा आता मिळायचा नाही. कारखान्यानंच बंद केलाय."

"मी साफ करीन."

"तुम्ही?" वेल्डर हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "वहिनी, ते काही भांडं घासणं नाही."

"तसंच आहे भाऊजी. फक्त भांडं जरा अडचणीत बसवलंय."

घरी आल्यावर पारखीनं विचारलं, "तुला येतं ते?"

"ते गाडी उघडायचे तेव्हा टॉर्च कोण धरायचं? तीन वर्षं धरली. 'टॉर्च इकडे, टॉर्च तिकडे, झोपलीस का?' टॉर्च जिथं जाते तिथं डोळे पण जातात ना." एवढं बोलून सून एकदम थांबली. 'ते' म्हणून त्याच्याविषयी या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी बोललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी अंगणात घेतली. सुनेनं बॅटरीची तार काढली, इंजिन पुरतं गार आहे ना पाहिलं. प्रत्येक नळी काढायच्या आधी तिचा फोनवर फोटो घेतला. निघालेले बोल्ट अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये एकेका खळग्यात ठेवून खडूनं आकडे घातले. पारखी पायरीवर बसून बघत होती. बघता बघता तिच्यानं राहवेना.

"हे सगळं कशासाठी असतं गं? धूर जातोय मागनं, तर जाऊ दे की."

"सगळा नाही जात आई. थोडा धूर परत इंजिनात घेतात, हवा कमी घाण व्हावी म्हणून. हा व्हॉल्व्ह म्हणजे त्याचं दार. पाहिजे तेव्हा उघडायचं, नको तेव्हा मिटायचं. काजळी बसून बसून ते आता मिटतच नाही. सारखा धूर आत. इंजिनाला श्वास कुठला मिळणार?"

"म्हणजे दमा."

"दमाच."

"मग तसं सांग ना. व्हॉल्व्ह व्हॉल्व्ह करत बसलीस."

तीन बोल्ट निघाले. चौथा पार मागं होता, इंजिन आणि पत्र्याच्या भिंतीच्या बेचक्यात. डोळ्यांना दिसत नव्हता आणि सुनेचा हात तिथवर जात नव्हता. खोकी ओढून ओढून तिचा पंजा रुंद झालेला. तिनं या बाजूनं घातला, त्या बाजूनं घातला, मनगट सोलून घेतलं आणि शेवटी बंपरला टेकून उभी राहिली.

पारखी उठली. "सरक."

"आई, तुम्हाला नाही जमायचं. दिसत नाही तो."

"मला फळातला किडा कुठं दिसायचा? सरक म्हणते ना."

पारखीचा हात लहान होता, पोरीसारखा. कोपरापर्यंत बाही सारून तिनं तो आत घातला. तेलकट नळी, मग एक गरगरीत धातू, मग एक वायर, मग कडा. बोटं पुढं पुढं गेली आणि बोल्टच्या डोक्यावर थांबली. सहा बाजू तिनं एकेक करून मोजल्या. "सापडला. गंजलाय. डावीकडची कड जरा झिजलीय."

सुनेनं तिच्याकडे पाहिलं. "इथून कळलं तुम्हाला?"

"तुझा पाना दे."

पण बोल्ट हलेना. गंज सोडवायचं तेल पारखीनंच बोटांनी त्याच्यावर सोडलं आणि दोघींनी त्याला दिवसभर भिजू दिलं. संध्याकाळी पुन्हा प्रयत्न केला, नाही हलला. दुसऱ्या दिवशी सकाळी नाही हलला. सून म्हणाली, जोर केला आणि तो आतच तुटला तर सगळं संपलं, मग गाडी भंगारात. त्यामुळे जोरही बेतानं करायचा. दुपारी पारखीनं पाना बसवून धरला आणि सुनेनं त्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवून हलके हलके रेटलं. दोघींची डोकी बोनेटखाली एकमेकींना टेकली होती. सुनेच्या घामाचा थेंब पारखीच्या गालावर पडला. तो पुसायला हात मोकळा नव्हता.

कट्ट असा आवाज झाला.

"तुटला!" सून पुटपुटली.

पारखीनं डोळे मिटले, बोटांनी चाचपलं. "तुटला नाही. सुटला."

सून मटकन खाली मातीत बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिनं तोंडावर हात फिरवला तशा गालावर काळ्या मिशा उमटल्या. त्या बघून पारखीही हसली. कितीतरी दिवसांनी त्या अंगणात दोन माणसं एकदम हसली असतील. मग पारखीच्या ध्यानात आलं की सुनेला जाण्यापासून अडवून धरणारी एक गोष्ट होती, तीही आपणच स्वतःच्या बोटांनी मोकळी केली. तिच्याही मनगटावर कातडी सोलली होती. ते दिवसभर चुरचुरत राहिलं.

व्हॉल्व्ह बाहेर आला तो ओळखू येत नव्हता. पेल्याएवढी वस्तू, तोंडापासून घशापर्यंत काळ्या चिकट थरानं बुजलेली. मधून करंगळीही जाणार नाही. त्याच्यापुढची हवेची रुंद नळीही तशीच. सुनेनं वायर जोडायचा भाग प्लॅस्टिकमध्ये बांधला, त्याला थेंबही लागता कामा नये म्हणाली, आणि बाकीचं पसरट पातेल्यात डिझेलमध्ये बुडवलं.

"स्क्रूड्रायव्हर लावायचा नाही," तिनं बजावलं. "दाराची कड ओरखडली की पुन्हा नीट मिटणार नाही."

"करपल्या पातेल्याला कोणी चाकू लावतं का? मला शिकवतेस." पारखीनं लाकडी चमचा मोडून त्याच्या दांड्याला धार काढली, जुने दात घासायचे ब्रश आणले आणि मांडी घालून बसली. "चाळीस वर्षं संसाराची भांडी घासली. आता गाडीची."

दोन दिवस त्या घासत होत्या. भिजवायचं, खरवडायचं, पुसायचं, पुन्हा भिजवायचं. काजळी वरून लोण्यासारखी यायची आणि खाली कोळशासारखी कडक. तिचा वास डोक्यात बसला. चहाच्या कपाला, उशीला, केसांना तोच वास. नखं काळी ती काळीच. दुकानात सुटे पैसे परत देताना दुकानदारानं ते पारखीच्या हातात न देता फळीवर ठेवले, तेव्हा तिनं मुद्दाम सावकाश एकेक नाणं उचललं.

दुसऱ्या दिवशी खालचा थर लागला. सुनेनं तो उजेडात धरला. "हे जुनं आहे, आई. माझ्या आधीचं."

म्हणजे त्याच्या वेळचं. पारखीनं तो भाग तिच्या हातातून घेतला आणि स्वतः खरवडायला लागली. तो पहाटे गाडी सुरू करायचा तेव्हा खिडकीची काच थरथरायची. आता निघाला, आता वळला, असं ती अंथरुणातून कानांनी त्याच्यामागं जायची. तो कुठं कुठं गेला असेल या गाडीतून, कोणाकोणाला भेटला असेल, त्यातलं तिला काय माहीत होतं? काळे पापुद्रे वर्तमानपत्रावर पडत होते. तिचा हात मध्येच थांबला.

"दुखतंय का हात?" सुनेनं विचारलं.

"नाही. काही नाही," पारखी म्हणाली आणि पुन्हा घासायला लागली.

तिसऱ्या दिवशी व्हॉल्व्हचं दार बोटानं ढकललं की उघडायला आणि सोडलं की टप्‌कन मिटायला लागलं. सुनेनं ते दहा वेळा उघडमीट करून पाहिलं. आता राहिली होती फक्त एक चकती. व्हॉल्व्ह आणि इंजिन यांच्यामध्ये बसते ती, पातळ, पत्र्याची. जुनी काढतानाच चुरा झाली होती. सुनेनं ती मागवली होती, बसनं पार्सल येणार होतं. मुदतीला दहा दिवस उरले होते.

पार्सल दुसऱ्याच दिवशी आलं. सून विहिरीच्या पंपाकडे गेली होती आणि पारखी बसस्टँडवर साबण आणायला. पार्सलवाल्यानं खिडकीतून हाक मारली, "मावशी, तुमच्या घरचं आहे हे. सही करता का?" तिनं सही केली. हलकंसं चपटं पाकीट, आत काही आहे की नाही असं वाटावं इतकं. ते तिनं पदराखाली धरलं. घरी जाऊन देऊ, असंच तिच्या मनात होतं. खोटं कशाला बोला, तसंच होतं. पण घरी पोचली तर सून दोरीवर कपडे वाळत घालत होती आणि गुणगुणत होती. इतक्या वर्षांत ती गुणगुणली नव्हती. पारखी सरळ आत गेली आणि पाकीट तिनं गोधड्यांच्या घडीत सरकवलं. संध्याकाळी देऊ.

संध्याकाळी दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सुनेनं विचारलं, "पार्सलबिर्सल आलं का हो कुठं दिसलं?" तर पारखीच्या तोंडून निघून गेलं, "नाही बाई." एकदा नाही म्हटल्यावर मग वाटच राहिली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. अंगणात गाडी बोनेट उघडं टाकून उभी, त्यावर चादर. सून येता-जाता चादर उचलून बघायची आणि पुन्हा टाकायची.

चौथ्या दिवशी सून म्हणाली, "मीच जाऊन विचारते," आणि चालत निघाली. पारखीला वाटलं, हाक मारावी. हाक ओठांपर्यंत आली आणि तिथंच राहिली. जायला तास, यायला तास. ते दोन तास ती नुसती पायरीवर बसली होती.

सून आली. चप्पल काढली, पाय धुतले, पाणी प्याली.

"काय म्हणाले?" पारखीनं विचारलं.

"काही नाही. उद्या पुन्हा विचारीन म्हणाले मी." सुनेनं तांब्या पालथा घातला. तिनं सासूकडे पाहिलं नाही, आवाजही चढवला नाही. जेवायला वाढलं, हवं-नको विचारलं. पारखीनं ताटावरून मान वर केली नाही. तिला कळलं होतं. पार्सलवाल्यानं वहीतली सही दाखवली असणार. भर बसस्टँडवर, लोकांसमोर सुनेला स्वतःच्या सासूची सही बघावी लागली असणार, आणि काय सांगून ती तिथून निघाली असेल कोण जाणे.

तिनं कडाडून भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. पारखीही भांडली असती, आणि भांडणात माणसाला आपला गुन्हा दिसत नाही.

सकाळी सून अंगण झाडत होती. पारखीनं पाकीट आणून गाडीच्या टपावर ठेवलं.

"हे घे."

सुनेनं झाडू ठेवला. पाकीट घेतलं, फोडलं, चकती बाहेर काढून उजेडात धरली. बराच वेळ ती त्या चकतीच्या भोकातून पलीकडे बघत असल्यासारखी उभी राहिली.

"मला वाटलं होतं, एक तारीख जाऊ देणार तुम्ही."

"मलाही तसंच वाटलं होतं," पारखी म्हणाली. मग तिचा बांध फुटला. "तू आहेस म्हणून त्याला यायला घर आहे. बायको आहे. तू गेलीस की इथं काय, एक म्हातारी. म्हातारीसाठी कोण परत येतं? तू जायला निघालीस म्हणजे तो येणार नाही, हे पक्कं झालं. ते मला पक्कं व्हायला नको होतं गं."

"आई, मी वाट बघायची काही बाकी ठेवलीय का?" सुनेचा आवाज आता कुठं हलला. "चार वर्षं पाठीला उशी घेऊन गाडी चालवते मी. माझी कंबर दुखते. तुम्हाला कधी बोलले? ते आले तर मी नको म्हणणार नाही, की म्हणीन, मला नाही माहीत. पण वाट बघताना हातांनी काहीतरी करायला हवं ना. नुसते हात मांडीवर ठेवून मला नाही बघता येत वाट. मला वेड लागेल."

पारखी गाडीला वळसा घालून गेली, पुढचं दार उघडलं आणि पाठीची उशी काढून बाहेर ठेवली. सीटखालची कळ कुठं असते ते तिला माहीत नव्हतं. चाचपत राहिली.

"डावीकडे, खाली," सून म्हणाली. "वर ओढा आणि रेटा."

चार वर्षांत न हललेली सीट कुरकुरत पुढं आली.

त्या दिवशी त्यांनी सगळं बसवलं. मागचा बोल्ट पारखीनंच लावला, आणि सुनेनं सांगितलं तेवढाच घट्ट. सगळ्या नळ्या फोटोप्रमाणे जागच्या जागी. ट्रेमध्ये एकही बोल्ट उरला नाही. मग सुनेनं किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, बंद पडलं. पुन्हा फिरवली. तिसऱ्यांदा ते लागलं आणि मागून असा काही धूर सुटला, पांढरा, करडा, मग काळा, की कुंपण दिसेना.

"अगं बाई! माझे कपडे!" पलीकडून शेजारीण ओरडली. "दोघी मिळून गाव जाळताय का?"

"आतलं राहिलेलं जळतंय, काकू, पाच मिनिटं!" सून ओरडली.

"पाच मिनिटांत माझ्या चादरी कोण धुणार?"

"मी धुते गं बाई, आण इकडे!" पारखी ओरडली, आणि डोळे पुसत मागच्या नळीकडे बघत राहिली. हळूहळू धूर विरळ झाला. मग नुसती गरम हवा थरथरताना दिसायला लागली. इंजिनाचा आवाज बसका होता तो भरला. शेजारणीच्या दोन चादरी पारखीनं खरोखरच दुसऱ्या दिवशी धुऊन दिल्या.

केंद्रावर तोच तपासनीस होता. त्यानं सळई घातली, "दाबा" म्हणाला, यंत्राकडे पाहिलं. पुन्हा दाबायला लावलं. तिसऱ्यांदा लावलं. मग खाली वाकून नळीत पाहिलं, कोणी बोळा तर कोंबला नाही ना म्हणून.

"कुठल्या गॅरेजला केलं?" त्यानं विचारलं.

"घरी," सून म्हणाली.

"कोणी?"

सुनेनं शेजारी बोट केलं. पारखीनं आपले काळ्या नखांचे हात मांडीवर उताणे ठेवले होते, लपवले नव्हते. तपासनीसानं ते पाहिले, शिक्का मारला आणि कागद खिडकीतून आत दिला. पारखीच्या हातात दिला.

एक तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी सून निघाली. सामान फार नव्हतं. ती पुन्हा म्हणाली, "चला ना," आणि पारखी पुन्हा म्हणाली, "बघू." पण या वेळी कुलपाचं बोलली नाही. सुनेनं वाकून नमस्कार केला, तेव्हा पारखीनं तिला उठवताना दंड जरा जास्तच घट्ट धरले. गाडी रस्त्याला लागली आणि चढावर गेली. पारखी फाटकात उभी होती. तिला वाटलं होतं, वळणापलीकडे गेली तरी काही वेळ धुरावरून कळत राहील कुठवर पोचली ते. पण काही दिसलं नाही. आभाळ स्वच्छ होतं. गाडी गेली ती गेलीच.

पहिल्या रविवारी सुनेला जादा पाळी लागली, येता आलं नाही. फोनवर म्हणाली, चढावर दिवा लागला नाही, बायका चांगल्या आहेत, एक फार बोलते, खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसतो पण बघायला वेळ होत नाही. पारखीनं सगळं दोनदा ऐकून घेतलं.

दुसऱ्या रविवारी ती चुलीपाशी होती तेव्हा फाटकाशी गाडी थांबली. गेल्या चार वर्षांत दाराशी कुठलंही वाहन थांबलं की पारखी अशीच धावत बाहेर जायची, आणि कोण आलंय ते दिसलं की छातीत काहीतरी खाली बसायचं. मग पाहुणा असो, नातलग असो, त्याच्याशी बोलताना ती ते बसलेलं काहीतरी लपवत राहायची. आजही ती ओल्या हातांनी धावत गेली. सून दार उघडून उतरत होती. वाळलेली दिसत होती, चेहरा रापला होता, हातात मासळीच्या वासाची एक पिशवी.

"किती वाजता निघालीस? काही खाल्लंस का?" पारखी म्हणाली आणि पिशवी घ्यायला पुढं झाली.

दिवस कसा गेला ते कळलं नाही. दोघींनी मासे साफ केले, खाल्ले, गाडीतल्या त्या बोलक्या बाईची नक्कल सुनेनं करून दाखवली. उन्हं कलल्यावर सून परत निघाली.

ती गेल्यावर पारखी भांडी घासायला बसली. घासता घासता तिला लेकाची आठवण झाली आणि तिचा हात थांबला. दिवसभरात ती आत्ता पहिल्यांदा झाली होती. सकाळी फाटकापाशी, सुनेला बघून, छातीत काही बसलंच नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली, मग ती लेकासाठी थोडा वेळ रडली. घरात कोणी नव्हतं, त्यामुळे तिनं आवाज दाबला नाही.

मग तिनं हात धुतले, पदरानं पुसले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जाऊन पुढचा रविवार कितवा येतो ते पाहिलं.